उरलेला लाल गहू

अमडापूर
२८ ऑक्टोबर १९६६

चि. भामा,

तुह्या पत्राची वाट पाहून माय थकली, म्हणून मीच लिहायले बसलो. दिवाळीले येतं का नाही ते कळव. तुही वहिनी म्हणते, मुंबईचे लोक फराळ विकत आणतात, त्याले काही चव नसते, म्हणून तुह्यासाठी शेव वेगळी काढून ठेवणार आहे.

इकडची बातमी अशी का, आपल्या घरी मेक्सिकोचा गहू आला. खरा मेक्सिकोचा, बोटीतून उतरलेला. खामगावच्या एका दलालाकडून आणला. गावात मी एकट्यानंच घेतला. दाणा आखूड आहे अन् रंगानं लालभडक, कुंकवात लोळवल्यासारखा. याचं झाड बुटकं राहते म्हणतात, वाऱ्यानं पडत नाही, खतपाणी भरपूर दिलं त दुप्पट पिकते. विहिरीवरचं वावर त्याच्यासाठीच तयार करून राह्यलो.

पोत्याले पुठ्ठ्याची एक चिठ्ठी शिवून होती. अक्षरं इंग्रजी, पण हेडमास्तरले दाखवली त ते म्हणाले, ही इंग्रजी नव्हे. मंग माह्या ध्यानात आलं का मेक्सिकोत तू शिकतं तीच भाषा बोलतात. चावडीवर सरपंच जानराव काका मले नेहमी टोमणा मारतात. बहिणीले पैशाचं शास्त्र शिकवतं ते समजलं, म्हणे, उद्या ब्यांकेत साहेबीण होईन. पण ही स्पॅनिश कायले? मी म्हटलं, आता दाखवतो कायले ते. चिठ्ठीवरचं अक्षर न् अक्षर चितारून सोबत पाठवलं आहे. अर्थ लिहून पाठव, चावडीवर वाचून दाखवीन.

पुंजाजी अन् भिमाबाई तुही आठवण काढतात. नाल्याले पूर आला का पुंजाजी तुले खांद्यावर बसवून शाळेत नेऊन सोडे, ते तो अजून सांगत राह्यते. एवढा जुना सालदार, पण तुहं नाव निघालं का घरच्यासारखा हासते.

तुहा दादा,
शेषराव


मुंबई
७ नोव्हेंबर १९६६

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. दिवाळीला यायला जमणार नाही. मायला तूच समजावून सांग. सुट्टी संपली की लगेच आमची सहामाही आहे, आणि वित्तीय अर्थशास्त्राचा पेपर सगळ्यांत अवघड. सरकारनं जूनमध्ये रुपयाची किंमत उतरवली ना, त्यावर आमचे सर रोज नवीन प्रश्न घालतात. आपला कापूस परदेशात स्वस्त झाला तर शेतकऱ्याला नेमकं काय मिळालं, बोटीचं भाडं कुठल्या नाण्यात द्यायचं, हुंडी कोण वटवणार. वर्गात आम्ही दोघीच मुली. मागे पडून चालत नाही.

जानराव काकांना सांग की स्पॅनिश सरांनीच घ्यायला लावली. दक्षिण अमेरिकेतले कितीतरी देश कापूस पिकवतात, विकतात, आणि त्यांची सगळी कागदपत्रं स्पॅनिशमध्ये. आपल्या पेढ्यांमध्ये ती वाचणारं कोणी नाही. अर्थशास्त्र आणि ही भाषा दोन्ही येणारा माणूस उद्या फार लागेल, असं सर म्हणतात. आमच्या कॉलेजात एक स्पेनचे फादर आहेत, ते संध्याकाळी वर्ग घेतात.

चिठ्ठीचा अर्थ सोपा आहे. ‘उन्हाळ्यात तयार केलेलं बी. दमट जागी ठेवू नये.’ चावडीवर खुशाल वाचून दाखव. तुझी अक्षरं मात्र काही ठिकाणी किड्यामुंग्यांसारखी झाली आहेत.

पुंजाजीला सांग, आता मुंबईत पूर आला तर मला खांद्यावर घेणारं कोणी नाही.

तुझी,
भामा


अमडापूर
४ डिसेंबर १९६६

चि. भामा,

तुहं पत्र चावडीवर दोनदा वाचून दाखवलं. पहिल्या वेळेस जानराव काका पान खात होते, त्याईनं लक्ष दिलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा वाचलं. हेडमास्तर म्हणाले, अमडापूरच्या पोरीनं मेक्सिकोची चिठ्ठी वाचली, ही काही लहान गोष्ट नाही. माय त ज्याले त्याले सांगत सुटली.

पेरणी झाली. पहिलं पाणी दिलं. उगवण अशी का पाहत राहावं. आता मी रोज सकाळी आधी तिकडंच जातो.

बी जास्त आणल्या गेलं होतं, एका पोत्यात बरंच उरलं. तू लिहिल्याप्रमाणं कोरड्या जागी ठेवलं. मंग वहिनीले म्हटलं, गहूच आहे, दळून पाहा. तिनं मूठभर भिजवला त पाणी लालेलाल. ती म्हणे, हा रंग माह्या चुलीवर चढायचा नाही. रंग कायचा असंल? किडीसाठी लावत असतीन का? तुह्या पत्रात खाऊ नका असं काही नव्हतं, मंग टाकून कसा द्यावा? पुंजाजीले म्हटलं, या महिन्याच्या ज्वारीच्या बदल्यात हा घेऊन जा. तो खूश झाला. भिमाबाईनं नदीवर नेऊन धुतला, चार-पाच पाण्यात पांढरा निघाला म्हणते. ज्वारीची भाकर खाणाऱ्या घरात आता रोज गव्हाच्या पोळ्या. पुंजाजी म्हणते, भामाताईले लिहा, बोटीचा गहू आमी खाऊन राह्यलो.

परीक्षा कशी गेली?

तुहा दादा,
शेषराव


मुंबई
२ जानेवारी १९६७

प्रिय दादा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नको. सहामाहीचा निकाल लागला. वित्तीय अर्थशास्त्रात मी वर्गात पहिली आले. सरांनी माझा पेपर सगळ्यांना दाखवला. मुलांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. सर म्हणतात, एम.ए.चं हे वर्ष असंच गेलं तर परदेशी व्यवहार पाहणाऱ्या एखाद्या मोठ्या बँकेत माझ्यासाठी ते शब्द टाकतील.

स्पॅनिश थोडी मागे पडली आहे. एकाच वेळी दोन्हीकडे धावताना एक पाय मागे राहतोच. आता भरून काढीन.

गव्हाच्या रंगाबद्दल मला काही माहीत नाही. फादर भेटले की विचारते.

सगळ्यांना माझा नमस्कार, पुंजाजी-भिमाबाईंनाही.

तुझी,
भामा


अमडापूर
१६ जानेवारी १९६७

चि. भामा,

पहिली आली हे वाचून बरं वाटलं. मायनं शेगावले जाऊन महाराजाच्या पुढं नारळ फोडलं.

पण एक गोष्ट लिहायची नाही म्हटलं तरी लिवल्या जाते. पुंजाजी पुन्हा पेऊन राह्यला. चालता चालता तोल जाते. बोलणं असं बोबडं का कळतच नाही. परवा पाण्याची पाळी होती, बांधावर चालता चालता दोनदा पडला अन् सारं पाणी बाजूच्याच्या वावरात गेलं. मी इच्यारलं, काऊन बे पुंजाजी, सकाळपासूनच? तो हात जोडून म्हणे, नाही मालक, पेलो नाही. जीभ अशी अडखळे का मले अजूनच राग आला. दीक्षा घेतली तेव्हापासून थेंब शिवलो नाही म्हणून एवढ्या वर्सांपासून सांगत होता. माणूस खोटं बोलला का मले खपत नाही. चार लोकांपुढं चावडीवर बोललो त्याले, अन् कामावर येऊ नको म्हटलं.

भिमाबाईचंही काही खरं नाही. हातातून भांडे पडतात. बोटं बधिर झाली म्हणते. तिची पोरगी बना पिंपळगाव राजाहून आली आहे, मायबापाले पाहायले. नवरा पेते त बायकोनं नाटक करावं, असं वहिनी म्हणते. मले काही समजत नाही.

गहू पोटरीत आला, लोंब्या निघायच्या बेतात आहेत. रंग असा हिरवागार का काळा वाटते.

तुहा दादा,
शेषराव


मुंबई
२१ जानेवारी १९६७

दादा,

मी आज तार केली आहे, तुला ती आधी मिळेल. पण तारेत सगळं लिहिता येत नाही.

तो गहू आत्ताच्या आत्ता थांबव. घरात उरला असेल तर पुरून टाक. कोंबड्यांनाही घालू नको. पुंजाजी आणि भिमाबाईला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात ने. डॉक्टरला सांग की बियाण्याला लावलेलं विष पोटात गेलं आहे.

तुझं पत्र वाचलं. दारू प्यालेल्या माणसाच्या बायकोची बोटं का बधिर होतील, एवढं एकच डोक्यात येत होतं. मग तू चितारून पाठवलेला कागद घेतला आणि फादरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, एकदा वाचलं आणि मला विचारलं, हे पोतं कुठं आहे? आमच्या गावी, मी म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, कोणी खाल्लं का?

त्या चिठ्ठीवर लिहिलं आहे: ‘सेमिया त्रातादा कोन वेनेनो. नो उसार कोमो आलिमेन्तो.’ वेनेनो म्हणजे विष. विष लावलेलं बी. अन्न म्हणून वापरू नये.

मी ‘वेरानो’ वाचलं. वेरानो म्हणजे उन्हाळा. तुझ्या अक्षराला मी नावं ठेवली, पण आज नीट पाहिलं, तुझं अक्षर स्वच्छ आहे. पुढचा शब्द मला येतच नव्हता. नको असं काहीतरी लिहिलंय एवढं कळलं, आणि बियाणं काय करू नये तर दमट जागी ठेवू नये, असं मी माझ्या मनानं जुळवलं. शब्दकोश ग्रंथालयात होता. मी उठले नाही.

अजून एक. गणपतीपासून मी स्पॅनिशच्या वर्गाला गेलेच नव्हते. त्या वेळात अर्थशास्त्र करत होते. तुम्हाला सगळ्यांना मी स्पॅनिश शिकते म्हणून अभिमान, मग येत नाही असं लिहायचं कसं? आणि तू डिसेंबरात रंगाबद्दल विचारलंस तेव्हाही, फादरांना विचारते म्हणाले आणि विचारलं नाही. त्यांच्यापुढे जायचीच लाज वाटत होती.

पुंजाजी पीत नाही, दादा. तो खरं बोलत होता.

भामा


अमडापूर
३ फेब्रुवारी १९६७

चि. भामा,

तुही तार आली त्याच दिवशी बंडी जुपली. चिखलीहून मोटार करून दोघायले अकोल्याले नेलं. डॉक्टर चांगले होते. त्याईनं तार वाचली, चिठ्ठी पाह्यली, मंग मले बाहेर बोलावून सांगतलं का हे विष मज्जातंतूत जाऊन बसते, त्याच्यावर औषध नाही. अंगातून जेवढं निघून जाईन तेवढं खरं.

पुंजाजी परवा गेला. शेवटी त्याले ना दिसत होतं, ना आयकू येत होतं. मी हात धरला होता, पण कोणाचा हात आहे हे त्याले समजलं का नाही, सांगता येत नाही.

भिमाबाई वाचली. घरी आणलं. एकटीनं चालता येत नाही. नजर अशी झाली का समोरचं तेवढं दिसते, बाजूचं नाही, नळीतून पाह्यल्यासारखं. बना तिच्यापाशी राह्यली.

आता मी लिहितो ते नीट वाच. यात तुहा दोष नाही. तो गहू मी पुंजाजीले तुहं पत्र यायच्या आधीच देऊन टाकला होता. तू बरोबर अर्थ लिवला असता तरी उशीरच झाला असता. दुसरं असं का, दलाल पोतं देतानाच बोलला होता, हे बी आहे, बीच राहू द्या. मले वाटलं, महागाचं बी खाऊन वाया घालवू नका असं म्हणते. आता समजते त्याचा अर्थ. दोष आहे त माहा आहे. तू अभ्यास कर.

इथं कोणाले काही सांगतलं नाही. जानराव काकाले तेवढं बोललो. ते म्हणाले, शेषराव, तोंड उघडशीन त पोलीस येईन, सारं गाव जबानी देत फिरंन, अन् मेलेला माणूस काही उठत नाही. लोक म्हणतात दारूनं गेला, म्हणू दे. मौतीले मी गेलो होतो. तिथंबी लोक तेच बोलत होते. मी आयकत उभा राह्यलो.

तू हे पत्र फाडून टाक.

शेषराव


मुंबई
९ फेब्रुवारी १९६७

दादा,

पत्र फाडलं नाही.

तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस. तुझं चार डिसेंबरचं पत्र माझ्याजवळ आहे. त्यात तूच लिहिलं आहेस की मी लिहिल्याप्रमाणं गहू कोरड्या जागी ठेवला, माझ्या पत्रात खाऊ नका असं नव्हतं, म्हणून पुंजाजीला दिला. लहानपणी मी काचेची बरणी फोडली तेव्हाही तू असंच मायला सांगितलं होतंस, माझ्या हातून फुटली म्हणून. ही बरणी नाही, दादा. माझ्या वाटणीचं तू घेऊ नको. घेतलंस तरी माझ्यावरून ते उतरत नाही.

रात्रंदिवस एकच गोष्ट मनात येते. मी नुसतं ‘मला हे येत नाही’ एवढं लिहिलं असतं तर? चार शब्द. तू दुसऱ्या कोणाला विचारलं असतंस, नाहीतर भीतीनं तो गहू पडून राहिला असता. मला येत नाही असं कोणाला म्हणायची मला सवयच राहिली नाही. वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला सगळं येतं, असं मीच धरून चालले होते.

आणि एक सांगते, वाईट वाटलं तरी चालेल. माझं चुकलं ते मुंबईत बसून चुकलं. तू मात्र मौतीला उभा होतास. तो प्याला नव्हता हे तुला ठाऊक होतं, आणि लोक बोलत असताना तू ऐकत राहिलास. जानराव काकांचं मी समजू शकते. तुझं मला समजत नाही.

मी येते आहे. मायला काही सांगू नको. मला भिमाबाईकडे जायचं आहे.

भामा


शेगाव स्टेशन
२१ फेब्रुवारी १९६७

दादा,

गाडीला वेळ आहे. घरी तुझ्यासमोर बोलता आलं नाही. तू सकाळपासून वावरात जाऊन बसलास, आणि मीही तुला शोधायला आले नाही. म्हणून इथं बाकावर बसून लिहिते.

काल मी भिमाबाईकडे गेले. वहिनी दारापर्यंत आली आणि थांबली. मी एकटीच गेले.

भिमाबाई भिंतीला टेकून बसली होती. बनानं सांगितलं कोण आलं ते, तेव्हा तिनं मान वळवून मला शोधलं. मला पाहिल्यावर रडली नाही. बनाला म्हणाली, ताईले पोतं टाक बसायले. बनानं तिच्या ओठाला पेला लावून पाणी पाजलं, तिला तो धरता येत नाही. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं.

मी सगळं सांगितलं. चिठ्ठीवर काय लिहिलं होतं, मी काय वाचलं, का वाचलं. वर्ग बुडवल्याचंही सांगितलं. ती मध्ये एकदाच बोलली. तो शब्द पुन्हा म्हणा म्हणाली. मी म्हटलं, वेनेनो. तिनं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला, पण जिभेवर नीट बसेना.

मग तिनं विचारलं, “तो लाल गहू तुमच्या घरी कोनं खाल्ला?”

मी म्हणाले, कोणी नाही.

“काऊन?”

वहिनीला रंग आवडला नाही, असं मी म्हणाले. दादा, हे बोलेपर्यंत मला ते दिसलंच नव्हतं. मी एका शब्दाचीच चूक धरून बसले होते. वेरानो, वेनेनो, एवढंच. पण शब्द चुकला तरी तो गहू आपल्या चुलीपर्यंत गेला नाही. आपल्याला नको झाला तेव्हाच तो त्यांच्या घरी पोचला. कुठलीही भाषा न येता वहिनीला जे समजलं, ते पुंजाजीच्या बाबतीत आपल्या कोणाच्याच मनात आलं नाही. वहिनीला मी दोष देत नाही. तू लिहिलेलं मीही वाचलं होतं, रंग चुलीवर नको म्हणून पुंजाजीला दिला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी हसलेच असेन.

मी तिला म्हणाले, मला माफ कर. ती म्हणाली, “ते मले नका मागू.” रागानं नाही म्हणाली. आपल्याजवळ नसलेली वस्तू कोणी मागावी, तसं म्हणाली.

उठताना तिनं मला थांबवलं. जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते.

“माहा माणूस पेत नव्हता. दीक्षा घेऊन आला त्या दिवशी अंगणात बाटली फोडली त्यानं, साऱ्या गावानं पाह्यलं. आता तेच गाव म्हणते पेऊन मेला. शेषरावभाऊनं पहिले म्हटलं. त्याईले सांगजा, जिथं म्हटलं तिथंच जाऊन उलटं म्हणा. मले दुसरं काई नाई पाह्यजे.”

मी सांगते म्हणाले, आणि घरी येऊन तुला सांगितलं नाही. तुझा चेहरा पाहून धीर झाला नाही. माझ्या या सवयीचं काय करावं, मला कळत नाही.

मी वर्गाला पुन्हा जाते. स्पॅनिश सोडते असं फादरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, सोडणं तुला सोपं जाईल, म्हणून सोडू नको. मी पहिल्या बाकावर बसते आणि येत नाही तिथं हात वर करते. मुलं हसतात. अर्थशास्त्राच्या सरांनी विचारलं, तुझं लक्ष कुठे असतं हल्ली?

तू काय करायचं ते मी सांगणार नाही. तिचा निरोप तेवढा पोचवला.

भामा


अमडापूर
१४ मार्च १९६७

चि. भामा,

तुहं पत्र आलं अन् मी कितीतरी दिवस ते खिशात घेऊन हिंडलो. रोज चावडीपर्यंत जावं अन् पान खाऊन परत यावं. तू लिवलं ते बरोबर आहे. तुहं पत्र यायच्या आधी गहू दिला, हे मी खोटं लिवलं होतं. दलालाची गोष्ट मात्र खरी आहे. त्यानं सांगतलं होतं, अन् मी आयकून सोडून दिलं होतं.

काल सोसायटीची बैठक होती. चावडी भरून होती. कामकाज झालं, लोक उठायच्या बेतात होते, तेव्हा मी उभा राह्यलो. बाहेर ओट्याखाली कोणी बाया उभ्या होत्या, पण माहं लक्ष नव्हतं.

मी म्हटलं, “पुंजाजी दारू पेत नव्हता. पेते म्हणून मीच इथं बोललो, ते खोटं होतं. माह्या घरच्या गव्हात विष होतं. आमी तो खाल्ला नाही, त्याले दिला. त्यानं तो मेला.”

जानराव काकाईनं माहा हात धरला अन् हळूच म्हणाले, शेषराव, घरी जा. तेवढ्यात ओट्याखालून आवाज आला. बोबडा, तुटक. भिमाबाई होती. बना तिले धरून उभी होती.

“पुन्हा म्हणा,” ती म्हणाली. “मांगच्याईले आयकू गेलं नाई.”

मी पुन्हा म्हटलं. या वेळेस मोठ्यानं. भामा, पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा म्हणणं लय जड गेलं. पहिल्या वेळेस डोळे मिटून विहिरीत उडी टाकल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या वेळेस एकेकाचं तोंड दिसत होतं. हेडमास्तर खाली पाहत होते. तुहं पत्र चावडीवर वाचलं तेव्हा त्याईनंच तारीफ केली होती.

मी तुहं नाव घेतलं नाही. तुले वाटंन, पुन्हा झाकलं. तसं नाही. चिठ्ठी चुकली ते तू भिमाबाईले तुह्या तोंडानं सांगतलं. चावडीवर सांगायचं होतं ते माहं होतं.

आज सकाळी मी सोताच ठाण्यावर जाऊन जबानी दिली. जमादारानं लिहून घेतलं. पुढं काय होईन ते होईन. माय कालपासून माह्याशी बोलत नाही. वहिनी बोलते, पण कामापुरतंच. काल चुलीपाशी बसून तिनं इच्यारलं, मीच रंग नको म्हटलं ना हो?

गहू सोंगायले आला आहे. लोंब्या भरल्या, असा गहू गावानं पाह्यला नव्हता. पण सोंगायले मजूर येत नाहीत. पुंजाजीच्या आळीतून कोणी येत नाही, अन् मीबी बोलवायले गेलो नाही. मी अन् वहिनी दोघंच सोंगून राह्यलो.

दुपारी वावरातून आलो त कळलं, बना मायले घेऊन पिंपळगाव राजाले चालली. मी बंडी जुपायले लागलो. बनाचा निरोप आला, बंडी नको. येष्टीपर्यंत दोघी पायी जाणार होत्या. आळीतून मागच्या वाटेनं गेलं त रस्ता जवळ पडते. पण भिमाबाई चावडीपुढूनच गेली. एक हात बनाच्या खांद्यावर, पाऊल टाकायच्या आधी पायानं जमीन चाचपून पाहे.

चावडीवर लोक बसले होते. ती समोर आली तेव्हा हेडमास्तर उठून उभे राह्यले. मंग एक एक करून सारेच उठले. सगळ्यायच्या शेवटी जानराव काकाबी. मी रस्त्याच्या बाजूले, निंबाखाली उभा होतो. ती नीट समोर पाहत गेली.

तिची नजर बाजूले चालत नाही. तिले आमी उभे राह्यलेले दिसलो का नाही, मले माहीत नाही.

तुहा दादा,
शेषराव